जुने जपानी घडीचे प्लेट कॅमेरे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं तोक्योत निशिकासाईला राहायचो, तिथेच हे वेड लागलं आणि पुण्याला परत आल्यावरही सुटलं नाही. लोक फोटो पाठवून विचारत असतात की हे काय आहे, चालेल का, खरं जपानी आहे का. म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

प्लेट कॅमेरा म्हणजे नक्की काय? आणि "घडीचा" म्हणजे?

फिल्म सर्रास व्हायच्या आधी निगेटिव्ह काचेवर असायची. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून काचेवर लावायची पद्धत मांडली, म्हणजे प्लेट आधीच तयार करून, सुकवून, डब्यात घालून विकता यायला लागली, ओल्या काचेची धावपळ संपली आणि कॅमेरा स्टुडिओतून बाहेर पडून हातात आला. याच सुक्या प्लेटला जपानीत "कानपान" म्हणतात, शब्दशः सुकी पाटी.

घडीचा म्हणजे बंद असताना तो जाडजूड पाकिटासारखा दिसतो. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडतं, तेच झाकण आता लेन्सचा पाट होतं, त्यावरच्या रुळांवरून लेन्स पुढे ओढली की मागोमाग भाता उघडत येतो. हो भाताच, आपल्या पेटीला असतो तसा. जपानी लोक त्याला "जाबारा" म्हणतात, म्हणजे सापाचं पोट, आणि एकदा ते ऐकलं की भात्याच्या घड्या बघताना दुसरं काही दिसतच नाही.

मागच्या बाजूला घासलेली काच असते, तिच्यावर चित्र उलटं पडतं, डोकं खाली आणि डावं उजवीकडे. फोकस करायचा, शटर बंद करायचं, काच काढून तिथे प्लेटचा होल्डर सरकवायचा, होल्डरवरची पातळ पत्र्याची पट्टी ओढून काढायची, फोटो घ्यायचा, पट्टी परत घालायची. एक प्लेट एक फोटो. पट्टी ओढायच्या आधी शटर खरंच बंद आहे ना ते दोनदा बघा.

जपानमध्ये हे सुरू कुणी केलं?

फोटोग्राफी जपानमध्ये कॅमेरे बनवायच्या बरीच आधी पोचली होती. १८६२ मध्ये नागासाकीत उएनो हिकोमा आणि योकोहामात शिमोओका रेन्जो यांनी स्टुडिओ काढले, पण सामान सगळं परदेशी.

घडीच्या कॅमेऱ्यांची गोष्ट मात्र एका औषधांच्या दुकानातून सुरू होते. तोक्योच्या कोजिमाची भागात कोनिशीया नावाचं औषधी द्रव्यांचं दुकान होतं, त्या घरातल्या सुगिउरा रोकुसाबुरो या तरुणाने १८७३ मध्ये फोटोग्राफीचं सामान विकायला सुरुवात केली. मला यात नवल वाटत नाही, कारण तेव्हा फोटोग्राफी म्हणजे अर्धी रसायनंच, आणि ती ज्याच्या फडताळात आहेत तोच पहिला व्यापारी होणार ना. पुढे १८७८ मध्ये दुकान निहोनबाशीला गेलं, कोनिशी होन्तेन नाव झालं, १८८२ च्या सुमाराला कॅमेरेही करून घ्यायला लागले. हे काम मुळात लाकूडकामाचं, आणि खिळा न ठोकता सांधे जुळवून पेट्या-कपाटं करणारे "साशिमोनो" कारागीर जपानमध्ये पिढ्यान् पिढ्या होते, त्यामुळे पेटी घडवायला माणसं शोधावी लागली नाहीत. अडचण होती ती काचेची आणि पितळेच्या बारीक यंत्रकामाची, म्हणजे लेन्स आणि शटर. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच अडचणीभोवती फिरते.

१९०२ मध्ये त्यांनी तोक्योच्या योदोबाशी भागात रोकुओशा हा कारखाना काढला. नावात "रोकु" म्हणजे सहा, ते मालकाच्या नावातलं, आणि "ओ" म्हणजे साकुरा. आज त्या जागी शिंजुकूचं सेंट्रल पार्क आहे. हीच कंपनी पुढे कोनिशिरोकू आणि नंतर कोनिका.

मग पहिला जपानी घडीचा प्लेट कॅमेरा कुठला?

"पहिला" म्हटलं की भांडणं होतात, म्हणून जे नक्की आहे तेवढंच सांगतो. १९०३ चा "चेरी" हा ब्रँडचं नाव घेऊन बाजारात आलेला पहिला जपानी कॅमेरा मानतात, पण तो घडीचा नाही, साधी चौकोनी पेटी आहे, प्लेट्स आत भरून ठेवायच्या. १९०७ मध्ये "साकुरा रिफ्लेक्स प्रानो" आला, तो आरशाचा, तोही वेगळा. घडीच्या हँड कॅमेऱ्यांमध्ये ज्याचं नाव सगळ्यात जास्त टिकलं तो "लिली", १९०९ चा. लाकडी पेटी, वरून काळं चामडं, आत भाता. पुढे वीस वर्षांहून जास्त काळ लिली नावाखाली निरनिराळ्या साइझचे आणि बनावटीचे कॅमेरे येत राहिले, नंतरचे धातूच्या बॉडीचेही. त्यामुळे कुणी "माझ्याकडे लिली आहे" म्हटलं की माझा पहिला प्रश्न, कुठली लिली. याच घराण्यात आयडिया, नोबल, पर्ल ही नावंही येतात, त्यातलं पर्ल पुढे रोल फिल्मसाठी प्रसिद्ध झालं.

नावं इंग्रजी का? कारण तेव्हा कॅमेरा ही विलायती वस्तू, गिऱ्हाइकाला विलायती वाटलं पाहिजे. पण कारखान्याचा शिक्का साकुराच्या फुलाचा. मला हे फार आवडतं.

हे सगळे जर्मन कॅमेऱ्यांची कॉपीच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा जरा नाक मुरडून येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आकार, रचना, रुळ, यू आकाराचा लेन्सचा स्टँड, सगळं जर्मन आणि इंग्लिश कॅमेऱ्यांवरून घेतलेलं आहे. इका, एर्नेमन, कॉन्टेसा-नेटेल या जर्मन कंपन्यांचे कॅमेरे शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात. हे कुणी लपवलेलंही नाही. पण कॉपी म्हणून विषय संपवला तर आतलं खरं काम दिसतच नाही, कारण एक कॅमेरा म्हणजे पाच-सहा वेगळे धंदे आहेत. लाकूडकाम, चामडं आणि भाता, पितळकाम, शटर, लेन्स, आणि लेन्सच्याही मागे ऑप्टिकल काच. जपानने हे एकेक करून शिकलं आणि ते शिकणं कॅमेऱ्यांवर अक्षरशः कोरलेलं दिसतं. सुरुवातीच्या कॅमेऱ्यात पेटी आणि भाता जपानी, लेन्स आणि शटर बाहेरचं. मग शटरवर जपानी नाव दिसायला लागतं. मग लेन्सवर. मी माझे कॅमेरे कपाटात वर्षाप्रमाणे लावलेत, लेन्सच्या रिंगवरची नावं डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की तो सगळा प्रवास वाचून होतो.

हे घडलं कसं तेही बघा. १९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं आणि जर्मन काच, जर्मन लेन्स येणं बंद. त्याचा खरा चटका नौदलाला बसला कारण दुर्बिणी आणि अंतर मोजायची यंत्रं लागायची, त्यातूनच १९१७ मध्ये निप्पोन कोगाकू उभी राहिली, म्हणजे आजची निकॉन. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीहून आठ तंत्रज्ञ आणले, त्यातले हाइनरिश आख्त १९२८ पर्यंत राहिले, आणि १९२९ मध्ये त्यांची एनिटार ही १२ सेमी एफ ४.५ लेन्स तयार झाली (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप, आकडा लहान तितकं तोंड मोठं), प्लेट कॅमेऱ्याच्या मापाचीच. १९३१ मध्ये रोकुओशाने स्वतःची हेक्सार काढली, १०.५ सेमी, एफ ४.५. पेटी बनवायला लागल्यापासून हेक्सारपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. मधल्या काळात दोन मोठे धक्के बसले, एक म्हणजे १ सप्टेंबर १९२३ चा कांतोचा भूकंप ज्यात तोक्यो आणि योकोहामा जळून गेले, आणि दुसरा त्याच सुमाराला जर्मन मार्क कोसळल्यामुळे बाजारात आलेले स्वस्त जर्मन कॅमेरे. अशा वेळी देशी लिली विकत राहणं म्हणजे काय असेल विचार करा.

मिनोल्टाचा यात काय संबंध? ते तर रोल फिल्मवाले ना?

संबंध मोठा आहे. ताशिमा काझुओ यांनी ११ नोव्हेंबर १९२८ ला निचि-दोकु शाशिनकी शोतेन सुरू केलं, नावाचा अर्थच "जपानी-जर्मन कॅमेरा दुकान", आणि विली हाइलेमान, बिली नॉयमान असे दोन जर्मन सोबत होते. पहिला कॅमेरा निफ्कालेट हा रोल फिल्मचा होता, पण १९३० चे निफ्का क्लॅप आणि निफ्का स्पोर्ट हे अगदी आपल्या विषयातले, ६.५ × ९ सेमीचे घडीचे प्लेट कॅमेरे. १९३१ मध्ये कंपनी मोल्टा झाली.

आणि "मिनोल्टा" हे नाव सगळ्यात आधी ज्याच्यावर आलं तो १९३३ चा कॅमेरासुद्धा प्लेटचाच. त्याला पाट नाही, पुढची पाटी कात्रीसारख्या आडव्या-तिरप्या पट्ट्यांवर बाहेर येते. १९३७ चा ऑटो प्रेस मिनोल्टा याच जातीचा, जर्मन प्लाउबेल माकिनावर बेतलेला, वार्ताहरांसाठी. मिनोल्टा नावात इंग्रजी अक्षरांची जुळवाजुळव आहेच पण "मिनोरु ता" म्हणजे पिकलेली भातशेती असाही अर्थ त्यात आहे. जपानीत म्हण आहे की भाताची लोंबी जितकी भरते तितकी वाकते. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आणखी कोणत्या कंपन्या होत्या?

आसानुमा शोकाई ही १८७१ ची, कोनिशीपेक्षाही जुनी, सामान विकणारी मोठी पेढी. मिनागावा यांच्या "फर्स्ट" नावाखाली घडीचे प्लेट कॅमेरे यायचे, ते कुरिबायाशीच्या कारखान्यात बनायचे, आणि हीच कुरिबायाशी युद्धानंतर पेट्री म्हणून जगभर गेली. बाकी छोटे कारखाने पुष्कळ, एकच बॉडी वेगवेगळ्या दुकानांच्या नावाने विकलेलीही सापडते.

माझ्या कॅमेऱ्यावर नावच नाही. वर्ष कसं ओळखायचं?

बॉडीवर नाव नसणं नेहमीचंच आहे, काळजी करू नका. आधी शटर बघा. डायल वरच्या बाजूला वेगळी बसवलेली असेल आणि कॉम्पुर लिहिलेलं असेल तर ते म्युनिकच्या डेकेलचं शटर, १९१२ पासून पुढचं, आणि स्पीडची रिंग लेन्सच्या भोवती फिरत असेल तर साधारण १९२० च्या दशकाच्या अगदी शेवटापासूनचं. वारिओ, इब्सोर ही गाउथियर या जर्मन कंपनीची शटरं, स्वस्तातली. सेइकोशा लिहिलं असेल तर ते हात्तोरी घड्याळवाल्यांचं, सेइको घड्याळं बनवतात तेच, आणि कॅमेरा १९३० च्या दशकाच्या मधला किंवा नंतरचा. घड्याळ करणाऱ्यांनीच शटर करायला घ्यावं हे किती बरोबर आहे, दोन्हीत स्प्रिंग आणि वेळ.

मात्र एक सांभाळा, शटर बदललेलं असू शकतं, लोक चांगली लेन्स मिळाली की जुन्या बॉडीवर चढवायचे. म्हणून लेन्सच्या भोवतालचं भोक नंतर मोठं केलंय का, जुन्या स्क्रूच्या खुणा आहेत का ते बघा.

जपानी अक्षरं असतील तर उजवीकडून डावीकडेही वाचून बघा, युद्धाआधी आडवं लिहिताना असंच लिहायचे. पावती किंवा माहितीपत्रक मिळालं तर त्यावर सम्राटाच्या काळाचं वर्ष असतं. मेइजी असेल तर १८६७ मिळवा, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५. म्हणजे मेइजी ४२ म्हणजे १९०९, लिलीचं वर्ष.

तेफुदा, मेइशी, दाइमेइशी ही काय भानगड आहे?

प्लेटच्या साइझची नावं. मेइशी म्हणजे व्हिजिटिंग कार्ड, साधारण ५.५ × ८ सेमी. दाइमेइशी म्हणजे मोठं व्हिजिटिंग कार्ड, ६.५ × ९ सेमी, आणि हा साइझ जर्मन ६.५ × ९ बरोबर जुळतो म्हणून आज सगळ्यात सोयीचा. तेफुदा म्हणजे हातातलं पान, सव्वातीन बाय सव्वाचार इंच, म्हणजे आपल्याकडचे जुने फोटोग्राफर ज्याला क्वार्टर प्लेट म्हणायचे तीच. त्याहून मोठी क्याबिने, ती साधारण आपली हाफ प्लेट. आणि सगळ्यात चिमुकली आतोम, ४.५ × ६ सेमी.

पहिलाच घेत असाल तर दाइमेइशी घ्या. फिल्म मिळते.

"ट्रॉपिकल" लिली म्हणजे काय?

यात आपला थोडा संबंध आहे. चामडं लावलेले लाकडी कॅमेरे इंग्लंडात छान राहायचे पण हिंदुस्थान, ब्रह्मदेश, आफ्रिका इथे आले की दमट हवेत गोंद सुटायचा, चामड्याला बुरशी, लाकूड फुगायचं, वर वाळवी आणि झुरळं. म्हणून इंग्रज आणि जर्मन कंपन्यांनी सागवानी, पॉलिश केलेले, पितळी पट्ट्यांनी सांधे बांधलेले कॅमेरे काढले, वर चामडं नाहीच, त्यांना ट्रॉपिकल म्हणायचे. ते इतके देखणे दिसायचे की जिथे उकाडा नाही तिथेही लोक घ्यायला लागले. कोनिशीनेही लिलीची तशी आवृत्ती काढली, उघड्या लाकडाची, आणि ती हातात घेतली की साशिमोनो कारागिरांचं काम काय असतं ते कळतं. माझ्याकडे नाही. काचेआड बघितलीय.

रोल फिल्म आल्यावरही लोक प्लेटच का वापरत राहिले?

जपानमध्ये साकुरा रोल फिल्म १९२९ मध्ये आली, त्याआधी बाहेरची. तरी हौशी लोकांकडे प्लेटवाले हँड कॅमेरे १९३० च्या दशकातही खूप होते. काच सपाट राहते, वाकत नाही. एकच फोटो काढून लगेच धुता येतो, आठ फोटो संपायची वाट बघायला नको. घासलेल्या काचेवर जे दिसतं तेच येतं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हे की एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, महाग होता, ६.५ × ९ ची निगेटिव्ह कागदावर ठेवून सरळ प्रिंट काढली तरी ती हातात धरून बघण्यासारखी असते.

मग १९३४ च्या सेमी मिनोल्टासारखे खिशात मावणारे रोल फिल्मचे कॅमेरे आले, लायका-कॉन्टॅक्स या छोट्या जर्मन फिल्म कॅमेऱ्यांचं वेड आलं, आणि प्लेटवाले मागे पडले.

एक बाजूची गोष्ट, १८९९ च्या कायद्याने किल्लेबंदीच्या भागात, म्हणजे योकोसुकासारख्या नाविक तळांच्या आसपास, परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी होती. त्या काळात समुद्रकिनाऱ्यावर स्टँड लावून काळं कापड डोक्यावर घेणं सोपं नव्हतं.

हे प्रत्यक्ष बघायला कुठे मिळतील?

तोक्योत हान्झोमोन स्टेशनजवळ, इचिबानचोमध्ये जेसीआयआय कॅमेरा म्युझियम आहे. छोटं आहे, तळघरात, पण जपानी कॅमेऱ्यांची ओळ सुरुवातीपासून बघायची तर तिथेच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक तास राहीन म्हटलं आणि बंद होईपर्यंत थांबलो. गिंझातल्या मात्सुया दुकानात जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार भरतो, त्यात हातात घेऊन बघता येतात, फक्त आधी विचारा. दोन्ही हातांनी घ्या, दोन्ही हातांनी परत द्या, तेवढ्याने समोरचे आजोबा खूश होऊन आणखी तीन कॅमेरे टेबलाखालून काढतात.

जपानहून ऑनलाइन घेताना काय बघायचं?

शोधताना "हांदो कामेरा", "कानपान कामेरा", "जाबारा कामेरा" हे जपानी लिपीत टाका, इंग्रजीत शोधलं तर सगळ्यात महाग तेवढेच दिसतात. "जंक" लिहिलं असेल तर घाबरू नका, त्याचा अर्थ भंगार असा नसतो, विकणारा कसलीही हमी देत नाही एवढाच असतो. मात्र परत घेणार नाही हे त्यातच आलं.

प्लेटचे होल्डर सोबत आहेत का, हे सगळ्यात आधी. जपानीत "तोरिवाकु". होल्डरशिवाय हा कॅमेरा म्हणजे चाकाशिवाय सायकल, आणि वेगवेगळ्या कारखान्यांच्या होल्डरच्या कडा अर्ध्या मिलिमीटरने वेगळ्या असतात त्यामुळे दुसरीकडचा आणून बसेलच असं नाही. मी पहिला कॅमेरा असाच घेतला होता, फोटोत देखणा, होल्डर एकही नाही, विकणाऱ्याने लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. जुळणारे होल्डर मिळायला दीड वर्ष गेलं. घासलेल्या काचेची मागची फ्रेमही आहे ना बघा, ती वेगळी निघते आणि हरवते. कस्टम्सची ड्युटी आणि पोस्टाचा खर्च आधीच धरा.

भात्याला भोकं आहेत का कसं कळेल?

रात्री खोली पूर्ण अंधारी करा, भात्याच्या आत छोटा टॉर्च लावा, बाहेरून फिरवून बघा. भोकं बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यांवर असतात, चांदण्यांसारखी चमकतात. एक-दोन असतील तर काळा कापडावरचा रंग पातळ करून काडीने लावा, दोन-तीन हात द्या, नीट वाळल्याशिवाय घडी घालू नका. चिकटपट्टी लावू नका, जाडी वाढते, भाता नीट बंद होत नाही आणि जबरदस्तीने झाकण लावलं की नवीन भोकं पडतात.

शटर अडकतंय, तेल घालू का?

अजिबात नको. शटरच्या पाती सुक्याच चालतात, तेल गेलं की त्या एकमेकींना चिकटतात. बरेचदा जुनं तेल घट्ट झालेलं असतं एवढंच. लेन्सचे भाग काढून लायटरच्या फ्लुइडने साफ करतात, सवय नसेल तर घड्याळ किंवा कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. स्पीड तपासायला मोबाइल पुरतो, २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर शटरमागून उजेड ठेवून शूट करा आणि किती फ्रेम उघडं दिसतं मोजा. १/२५ ला साधारण १० फ्रेम यायला हव्यात. १५ आल्या तरी हरकत नाही, लिहून ठेवा आणि तेवढं धरून चाला.

होल्डरमध्ये जुनी काच सापडली, काय करू?

उघडू नका. कृपा करून उघडू नका.

मला एका होल्डरच्या जोडीत वजन जास्त लागलं आणि मी दुपारी खिडकीत उभा राहून पट्टी ओढली. आत प्लेट होती, न धुतलेली, फिकट पिवळसर पांढरी, आणि कुणीतरी तो फोटो काढून बहुतेक युद्धाच्या धामधुमीत तसाच ठेवून दिला असावा. माझ्या डोळ्यांसमोर ती उजेडात गेली. काय होतं त्यावर ते आता कुणालाही कळणार नाही, कुणाची आई असेल, घराचं अंगण असेल, काहीही. ही गोष्ट मला अजून लागते, म्हणून प्रत्येकाला सांगतो. होल्डर जड लागला तर अंधाऱ्या खोलीत उघडा, प्लेट असेल तर काळ्या कागदात गुंडाळून ठेवा आणि जुन्या प्लेट्स धुण्याचा अनुभव असलेल्या माणसाला द्या. आधीच धुतलेली निगेटिव्ह असेल तर ती उजेडात बघायला काहीच हरकत नाही, पण ते आत बघितल्याशिवाय कळत नाही ना, म्हणून अंधारच.

आज यात फोटो काढता येतात का?

येतात, आणि मी काढतो. ६.५ × ९ ची शीट फिल्म अजून बनते, झेक फोमाची मिळते. पण सुरुवात कागदाने करा. काळा-पांढरा फोटो पेपर लाल दिव्यात कापून होल्डरमध्ये घालायचा, चकचकीत बाजू लेन्सकडे. होल्डर काचेच्या जाडीसाठी बनलेला असतो म्हणून कागदामागे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा म्हणजे तो पुढे दाबून बसतो, नाहीतर फोकस हुकतो. फोकसला जपानी लोक "पिंतो" म्हणतात, मूळ डच शब्द, आणि मुद्दा सोडून बोलणाऱ्यालाही "पिंतो हाझुरे" म्हणजे फोकस सुटलेला म्हणतात.

पेपरचा स्पीड, म्हणजे तो उजेड किती पटकन टिपतो ते, साधारण आयएसओ ६ धरा. म्हणजे कडक उन्हात एफ १६ ला १/६ सेकंद, एफ ८ ला १/२५. स्टँड हवाच. पेपर लाल रंग बघत नाही आणि जुन्या प्लेट्सही बहुतेक तशाच होत्या, म्हणून कुंकू काळं येतं, निळं आकाश पांढरं होतं, चेहरे थोडे सावळे. जुन्या फोटोंचा तो चेहरामोहरा बराचसा यातूनच येतो, फक्त जुनाटपणातून नाही. धुताना ट्रेमध्ये चित्र हळूहळू वर येतं ते बघायला मुलांना जवळ बोलवा.

पावसाळ्यात कसे सांभाळायचे?

जपानमध्येही जूनमध्ये "त्सुयु" नावाचा पावसाळा असतो, म्हणून तिथे हौशी लोकांच्या घरी कॅमेऱ्यांसाठी दमट हवा शोषणारं छोटं कपाट सर्रास दिसतं. मुंबई-कोकणात तर ते हवंच. नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, जेल महिन्याने तापवून सुकवायचं. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा कधीच ठेवू नका, बुरशी तिथूनच लेन्सवर जाते. आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून भाता पूर्ण उघडा, अर्धा तास तसाच ठेवा. घडीत राहिलेलं चामडं घडीवरच फाटतं.

आजोबांच्या ट्रंकेत असाच कॅमेरा सापडलाय, जपानी असेल का?

खरं सांगायचं तर शक्यता कमी. आपल्याकडे त्या काळात आलेले बहुतेक इंग्लिश, जर्मन नाहीतर कोडॅक. पण बघायला काय जातं. चामड्यावर दाबलेलं नाव, हँडलच्या पट्ट्याखाली, झाकणाच्या आतल्या बाजूला, घासलेल्या काचेच्या फ्रेमवर, एवढ्या ठिकाणी बघा. साकुराचं पाच पाकळ्यांचं फूल किंवा चिनी वळणाची अक्षरं दिसली तर मला नक्की कळवा. फोटो पाठवताना तीन पाठवा, एक समोरून लेन्सच्या रिंगवरची अक्षरं वाचता येतील असा, एक मागून, आणि एक भाता उघडून बाजूने. मागच्या चौकटीचं आतलं माप मिलिमीटरमध्ये लिहा. आणि होल्डर सापडले तर ते जसे आहेत तसेच ठेवा.